सीएसआर निधीसाठी प्रस्ताव: गावपातळीवरच्या संस्थांना पडणारे नेहमीचे प्रश्न

कंपन्यांच्या सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) निधीतून गावात एखादं काम उभं करू पाहणाऱ्या लहान संस्था, महिला मंडळं आणि युवक मंडळं पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मोठ्या संस्थांकडे प्रस्ताव लिहायला स्वतंत्र माणसं असतात. हे पान दिवसभर गावात फिरून रात्री प्रस्ताव लिहायला बसणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. उदाहरणासाठी एकच काल्पनिक प्रकल्प घेतला आहे: डोंगरातल्या ६२ घरांच्या एका पाड्यावर पिण्याच्या पाण्याची सोय.

कंपनी आम्हाला पैसे का देईल? हे दान आहे का?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना हा खर्च करावाच लागतो. तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते.

म्हणून प्रस्तावात हात जोडायची गरज नाही. ‘आपल्या उदार हस्ते मदत व्हावी’ अशी वाक्यं काढून टाका. कंपनीला खर्चायला योग्य काम हवं आहे आणि तुमच्याकडे ते आहे. बोलणं बरोबरीच्या नात्याने व्हायला हवं.

आमचं काम सीएसआरमध्ये बसतं का?

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात विषय दिले आहेत: कुपोषण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी, शिक्षण, उपजीविका, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन वगैरे. गावातली बहुतेक कामं यातल्या कुठल्या ना कुठल्या विषयाखाली येतात. आपला विषय कोणता, ते पहिल्याच पानावर लिहा. वाचणाऱ्याला शोधत बसायला लावू नका.

मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, जाहिरात यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत. राजकीय पक्षाला दिलेला पैसा किंवा फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही चालत नाही.

कागदपत्रं कोणती लागतात?

संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असावी लागते. प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांकही सक्तीचा आहे. हा अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. शिवाय तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, पॅन, बँकेचा तपशील आणि कार्यकारिणीचा ठराव हवा.

लहान संस्था अडकतात त्या दोन जागी. १२ए आणि ८०जीला आता मुदत असते, ती संपलेली कुणाच्या लक्षात नसते. आणि धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) प्रलंबित असतो, त्यामुळे नोंदणीच्या कागदावर जुने विश्वस्त आणि प्रस्तावावर नवे अध्यक्ष दिसतात. कंपनीचा माणूस हे पहिल्या तासातच तपासतो. प्रस्ताव लिहायला घेण्याआधी ही दोन्ही कामं मार्गी लावा, कारण त्यांना महिने लागतात.

संस्था नुकतीच नोंदवली आहे. आम्ही अर्ज करू शकतो का?

थेट अर्ज अवघड आहे. कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेली संस्था असेल, तर तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव नियमात मागितला आहे. अशा वेळी त्या विषयात काम करणाऱ्या जुन्या, विश्वासाच्या संस्थेने अर्ज करावा आणि गावातली बाजू तुम्ही सांभाळावी. प्रस्तावात तुमची भूमिका नावानिशी लिहून घ्या. दरम्यान स्वतःच्या बळावर लहान कामं करत राहा आणि त्यांचे फोटो, हजेरीपट, हिशेब जपून ठेवा. तीन वर्षांनी तेच तुमचा अनुभव म्हणून पुढे येतं.

कोणत्या कंपनीकडे जायचं?

जिचा कारखाना, गोदाम किंवा कार्यालय तुमच्या भागात आहे, तिच्याकडे आधी. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायद्यातच म्हटलं आहे. कंपन्यांना आपलं सीएसआर धोरण, समितीची रचना आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर द्यावे लागतात. वार्षिक अहवालातही सीएसआरचं परिशिष्ट असतं. काही कंपन्या त्यात कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या विषयावर, कुणामार्फत, किती रक्कम हेही देतात. हे परिशिष्ट वाचायला अर्धा तास लागतो. चाळीस कंपन्यांना एकच पीडीएफ पाठवण्यापेक्षा तो अर्धा तास सत्कारणी लागतो. जी कंपनी सलग तीन वर्षं फक्त कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करते, तिला पाण्याचा प्रस्ताव पाठवून दोघांचाही वेळ जातो.

प्रस्ताव कधी पाठवावा?

कंपनीचं संचालक मंडळ दर आर्थिक वर्षासाठी वार्षिक कृती आराखडा मंजूर करतं. त्यात आपलं काम यायचं, तर जानेवारीपर्यंत पहिली भेट झालेली बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला निधी संपवायची घाई असते आणि तेव्हा लहान प्रस्ताव चटकन मंजूर होतातही. पण ३१ मार्चच्या आत टाकी बांधून बिलं द्या, अशी अट आली तर काम बिघडतं. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणण्याची तयारी ठेवा, किंवा काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येईल का ते विचारा. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतचा काळ मिळतो.

समस्या कशी मांडायची? आम्ही लिहितो ते सगळ्यांचं सारखंच वाटतं.

प्रस्तावाचा जीव इथे असतो, म्हणून यावर जास्त लिहितो.

बहुतेक प्रस्तावांची सुरुवात अशी असते: ‘पाणी हे जीवन आहे. ग्रामीण भागात पाणीटंचाई ही गंभीर समस्या असून महिलांना दूरवरून पाणी आणावे लागते.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही गावाबद्दल लिहिता येईल. वाचणाऱ्याला तुमचा पाडा दिसत नाही.

आता हे वाचा: ‘पाड्यावर ६२ घरं आणि ३१० माणसं आहेत. विहीर मार्चच्या मध्यावर आटते. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत बायका आणि मुली वरच्या अंगाच्या झऱ्यावर जातात. एका खेपेला जाऊन-येऊन ५० मिनिटं लागतात आणि घरटी दिवसाला चार खेपा होतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही झऱ्याचं पाणी मोजलं. २० लिटरची बादली ५० सेकंदांत भरली, म्हणजे दिवसाला सुमारे ३४,५०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर पाड्याची गरज सुमारे १७,००० लिटर आहे. पाणी पुरेसं आहे, ते रात्री वाहून जातं. साठवण आणि पाइप नाही.’

या परिच्छेदात भावनेला हात घालणारा एकही शब्द नाही, तरी तो वाचणाऱ्याला हलवतो. चार खेपा गुणिले ५० मिनिटं हा गुणाकार तो स्वतः करतो: एका घराचे रोजचे तीन तास वीस मिनिटं. शिवाय परिच्छेद संपेपर्यंत उपायही आपोआप पुढे आला आहे. बोअर नको, टँकर नको, टाकी आणि पाइप हवा.

आणि मोजणी मेमध्येच करायला हवी. ऑक्टोबरमध्ये झरा धो-धो वाहतो आणि कुठलीही टाकी भरेल असं वाटतं. मेमध्ये तीच बादली भरायला दोन मिनिटं लागली असती, तर दिवसाचं पाणी १४,४०० लिटरवर आलं असतं आणि ही योजना पुरली नसती. मग आधी झऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी मुरवण्याचं काम घ्यावं लागलं असतं. बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर हा निर्णय होतो. त्यासाठी कन्सल्टंट लागत नाही, पण योग्य महिन्यात डोंगर चढावा लागतो.

माहिती गोळा करताना पाड्यावरच्या बायकांना सोबत घ्या. किती खेपा, कुठल्या वेळी, भांडण कुठे होतं, आजारी बाईचं पाणी कोण आणतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. नळाची जागा कुठे हवी हेही त्याच सांगतील. पुरुषांच्या बैठकीत ठरलेला नळ कित्येकदा चावडीपाशी बसतो आणि पाणी भरणारीची पायपीट तशीच राहते.

उद्दिष्टं आणि परिणाम यांत गल्लत होते. फरक कसा करायचा?

टाकी बांधून झाली, ८५० मीटर पाइप टाकला, सहा नळ बसवले: ही झाली कामं. त्यामुळे लोकांच्या जगण्यात काय बदललं, तो परिणाम. ‘मे महिन्यातही प्रत्येक घराला १०० मीटरच्या आत पाणी मिळेल आणि पाण्यावर जाणारा वेळ रोज तीन तासांवरून अर्ध्या तासावर येईल’ हे परिणामाचं वाक्य आहे. ते मोजता येतं. आधीचा आकडा तुमच्याकडे असल्यामुळे नंतर तुलनाही करता येते. सुरुवातीची नोंद नसेल, तर काम कितीही चांगलं झालं तरी ते दाखवता येत नाही.

परिणाम दोन किंवा तीनच लिहा. पाण्याच्या टाकीने महिला सक्षमीकरण, शाळागळती, स्थलांतर आणि कुपोषण असं सगळं सुटेल, असं लिहू नका. जे मोजणार नाही, त्याचं वचन देऊ नये.

बजेट कसं करायचं?

माझ्या मते अनुभवी माणूस प्रस्तावात सगळ्यात आधी बजेट उघडतो. संस्थेने काम खरोखर डोक्यात करून पाहिलं आहे की नाही, ते तिथे कळतं.

‘पाणीपुरवठा योजना: ६,००,००० रु.’ अशी एक ओळ म्हणजे बजेट नव्हे. झऱ्याचं बांधकाम, गाळणी, १०,००० लिटरची टाकी, पाइप किती मीटर आणि किती व्यासाचा, जोडण्या, नळकोंडाळी, सिमेंट-वाळू, गवंड्याची मजुरी, पाण्याची तपासणी, अशा ओळी पाडा. प्रत्येक ओळीत नग, दर आणि रक्कम. दरासाठी तीन दुकानांची कोटेशन जोडा आणि दर जीएसटीसह आहे की वेगळा, ते लिहा. रस्ता जिथे संपतो तिथून पाड्यापर्यंत सिमेंटची पोती डोक्यावर न्यावी लागणार असतील, तर त्या वाहतुकीचीही ओळ हवी. हा खर्च कागदावर नेहमी सुटतो आणि मग शेवटच्या महिन्यात टाकीच्या मापात काटछाट होते.

गावाचा वाटा वेगळ्या रकान्यात दाखवा. प्रत्येक घराने चार दिवस श्रमदान करायचं ठरवलं असेल, तर ते २४८ मनुष्यदिवस झाले. त्यांना रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर लावून रक्कम काढा. लोकांनी स्वतः किती घातलं, हे कंपनीला दिसलं पाहिजे. पण न ठरलेलं श्रमदान कागदावर दाखवू नका. ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीत ठराव झाला असेल, त्यावर सह्या-अंगठे असतील, तरच तो आकडा लिहा.

रक्कम मुद्दाम फुगवून मागायची आणि कंपनीने कापली की बरोबर आकड्यावर यायचं, ही सवय सोडायला हवी. बाजारभाव तपासणारा माणूस समोर असतो आणि एका ओळीत फुगवटा सापडला की उरलेल्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जातो.

‘पगाराला पैसे देत नाही, फक्त ५ टक्के प्रशासन खर्च चालतो’ असं सांगतात. खरं काय?

नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासन खर्चासाठी आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात मोजला जात नाही. म्हणजे पाड्यावर आठ महिने थांबून काम करून घेणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे आणि तो तसाच दाखवावा. ‘प्रशासन’ या शीर्षकाखाली टाकू नका. ‘क्षेत्र समन्वयक, ८ महिने, कामं अमुक’ असं लिहा.

एखादी कंपनी स्वतःच्या धोरणाने याहून कडक असू शकते, तो तिचा अधिकार आहे. पण कार्यकर्त्याने फुकट राबावं ही अपेक्षा चुकीची आहे आणि संस्थांनीच ती मुकाट्याने मान्य केल्यामुळे ती टिकून आहे. मागा. कारण सांगून मागा.

गावात सरकारी योजना मंजूर आहे. मग कंपनी नाही म्हणेल का?

विचारणार नक्की. पाण्याच्या बाबतीत पहिला प्रश्न जलजीवन मिशनचा येतो. २०१९ साली सुरू झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं उद्दिष्ट आहे. तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा बघा. तुमचा पाडा त्यात आहे का, असेल तर काम कुठवर आलं, वगळला असेल तर का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी घ्या. एकाच कामाला दोन ठिकाणचा पैसा दाखवणं हा गंभीर प्रकार ठरतो. आणि सरकारी योजनेतून काम होणार असेल, तर तो पाठपुरावा करणं हेच संस्थेचं काम. सीएसआर निधी मग पाड्याच्या दुसऱ्या गरजेला मागा.

टाकी कुणाच्या मालकीची होईल? पुढे कोण सांभाळेल?

सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, बचतगटासारख्या लाभार्थ्यांच्या समूहाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. पाण्याच्या कामात ती ग्रामपंचायतीकडे देणं बहुधा सोयीचं पडतं. जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, जागामालकाचं संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव आधीच जोडा. झरा वनजमिनीत असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

देखभालीबद्दल ‘ग्रामस्थ काळजी घेतील’ हे वाक्य पुरत नाही. घरटी महिना ५० रुपये ठरले, तर ६२ घरांचे ३,१०० आणि वर्षाचे ३७,२०० रुपये होतात. त्यातून नळ सोडणाऱ्याला महिना १,५०० प्रमाणे १८,००० गेले, की टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची) पावडर आणि दुरुस्तीला १९,२०० उरतात. पैसे कोण गोळा करणार, खातं कुणाच्या सहीने चालणार, जो देणार नाही त्याचं काय, हे पाड्याने बसून ठरवलेलं असावं. या प्रश्नावर बैठकीत वादावादी झाली तर ती चांगली खूण आहे. लोक योजना आपली मानू लागले आहेत.

प्रस्ताव किती पानांचा असावा? इंग्रजी चांगलं नसेल तर?

सहा-आठ पानं, पुढे एका पानाचा सारांश, मागे जोडपत्रं. सारांश सगळ्यात शेवटी लिहा. भाषेचं म्हणाल तर आधी मराठीत पूर्ण लिहा, गावातल्या दोघांना वाचून दाखवा आणि मग साध्या इंग्रजीत करून घ्या. अवजड शब्दांमागे आकडे लपतात. तयार नमुन्यात नावं बदलून पाठवलेला प्रस्ताव लगेच ओळखू येतो.

एक जण म्हणतो, ‘निधी मिळवून देतो, मला टक्केवारी द्या.’

नका जाऊ त्या वाटेला. प्रस्ताव लिहून दिल्याची ठरलेली फी देणं वेगळं आणि मंजूर रकमेतला हिस्सा देणं वेगळं. तो हिस्सा शेवटी बजेटमधूनच जातो, म्हणजे टाकीच्या सिमेंटमधून. ‘खात्यावर पैसे घ्या आणि काही भाग रोख परत करा’ असं कुणी सुचवलं, तर बोलणं तिथेच थांबवा. हा गुन्हा आहे आणि कागदावर सह्या तुमच्या विश्वस्तांच्या असतात.

कंपनीची माणसं गाव बघायला येणार आहेत. काय तयारी करावी?

हारतुरे, बॅनर, शाळेच्या मुलांच्या रांगा नकोत. त्यांना त्या झऱ्यापर्यंत चालत न्या. बायकांना बोलू द्या, मध्ये बोलून त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. हिशेबाच्या वह्या आणि मूळ कागद एका फाइलमध्ये हाताशी ठेवा.

नकार आला तर?

कारण विचारा, दोन ओळींच्या मेलवर. कित्येकदा विषय किंवा जिल्हा त्या वर्षीच्या आराखड्यात नसतो, एवढंच कारण असतं. मग पुढच्या डिसेंबरमध्ये नव्या मोजणीसह पुन्हा जा. बजेटवर किंवा अनुभवावर शंका असेल, तर ती आधी दूर करा. आणि पाड्यावर जाऊन लोकांना सांगा. त्यांनी सर्वेक्षणाला वेळ दिला, बैठकांना बसले. प्रस्तावाचं काय झालं हे कळायचा त्यांना हक्क आहे.

मंजुरी आली. करारनाम्यावर सही करण्याआधी काय पाहावं?

हप्ते कधी आणि कशावर मिळणार ते पाहा. शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर मिळणार असेल, तर तेवढी रक्कम तोवर तुम्ही कुठून घालणार? लहान संस्था दुकानदाराच्या उधारीत इथेच सापडतात. पहिला हप्ता निम्म्याच्या आसपास मागा, म्हणजे पाइप आणि सिमेंटची खरेदी त्यात होते. खर्चाच्या ओळींत बदल करायचा झाल्यास किती टक्क्यांपर्यंत मुभा आहे आणि त्याहून जास्त बदलाला कुणाची मंजुरी लागेल, हे लिहून घ्या.

दिलेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. म्हणून तुमच्याकडून सीएचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधीच्या विनियोगाचा दाखला) मागितलं जाईल. त्याची फी बजेटमध्ये धरली आहे का, ते आत्ताच बघा. प्रकल्पाची खातेवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचं नाव, तारीख आणि माल पाड्यावर पोचल्याची तिथल्या कुणाची तरी सही घ्या. फोटो काढताना जागेची आणि तारखेची नोंद असलेले काढा: खोदाईआधी, खोदाई चालू असताना, पाइप बुजवण्याआधी. बुजवलेला पाइप पुन्हा उकरून किती मीटर टाकला हे दाखवता येत नाही.